मिरगापर्यंतची सीताफळं

ज्या मिरज जंक्शनातून त्या उन्हाळ्यात लातूरसाठी पाण्याची आगगाडी सुटत होती, त्याच गावातून मे महिन्यातल्या एका सकाळी मीही पाणी घेऊन मराठवाड्याकडे निघालो. रेल्वे वाघिणी भरभरून नेत होती, मी प्लॅस्टिकच्या कॅनमधून. दुष्काळातल्या माणसाकडे पेढे काय न्यायचे, कृष्णेचं पाणी न्यावं, ही कल्पना माझी. मी शाळेत चित्रकला शिकवतो. मला कल्पना फार सुचतात आणि त्या बहुतेक वेळा मलाच आवडतात.

"लोक हसतील," लता म्हणाली. लता माझी बायको.

"हसू देत. पाणी नेण्यात हसण्यासारखं काय आहे?"

आम्ही निघालो होतो तिच्या थोरल्या बहिणीकडे, औरंगाबादला. (आता छत्रपती संभाजीनगर, त्या वर्षी एसटीच्या पाटीवर औरंगाबादच होतं.) तिकडे सलग दुसऱ्या वर्षी पाऊस पडला नव्हता. "आत्ता येऊ नका, हाल होतील," असं सुमनताईंनी फोनवर सांगून पाहिलं होतं. पण मुलांना वर्षानुवर्षं वेरूळचं कैलास लेणं फळ्यावर काढून दाखवणाऱ्या मास्तरनं ते स्वतः पाहिलेलंच नव्हतं, ही गोष्ट मला फार टोचत होती. शिवाय सुट्टी मेमध्येच असते. दुष्काळाला आमच्या शाळेचं वेळापत्रक माहीत नव्हतं.

साताऱ्याच्या पुढं कॅनचं झाकण ढिलं झालं. माझ्या पायाखालून निघालेला ओहोळ सीटांखालून वळणं घेत थेट कंडक्टरच्या बुटांपाशी पोचला.

"कुणाचं मूल आहे, बघा हो जरा!" कंडक्टर ओरडला.

"मूल नाही, पाणी आहे," मी उठून म्हणालो.

"मूल असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं," तो म्हणाला. सगळी बस हसली. लता खिडकीबाहेर बघत होती, माझी आणि तिची ओळख नसल्यासारखी.

नगर सोडलं आणि हसणं हळूहळू बंद झालं. दोन्ही बाजूंनी नांगरून ठेवलेली काळी रानं, त्यांत एक हिरवा ठिपका नाही. ओढ्यांवरचे पूल तेवढे ओढे कुठं होते ते सांगत होते. मग कायगाव टोक्याचा गोदावरीचा पूल आला आणि बसमधली माणसं एका अंगाला सरकली. जायकवाडी धरणाचं पाणी इथवर पसरलेलं असतं, असं लता लग्न झाल्यापासून सांगत आली होती; तिचं माहेर इकडचंच. खाली पाहिलं तर भेगाळलेला गाळ, त्यावर आडवी पडलेली एक होडी आणि लांब मध्यावर पाण्याची एक काळपट रेघ. भुऱ्या रंगाच्या किती छटा असतात हे मी मुलांना दरवर्षी शिकवतो. मला स्वतःला त्या पूर्ण माहीत नव्हत्या, हे त्या पुलावर कळलं.

शेजारी पांढऱ्या टोपीतले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. "कुठले पाव्हणे?"

"मिरजेचे."

"मिरजेचे व्हय? मग लातूरच्या गाडीतच बसायचं. या बसनं काहून आलाव?" (काहून म्हणजे कशाला.)

मी कॅन पायानं आत ढकलला.

वाळूजचे कारखाने गेले, मग उड्डाणपूल, काचेच्या इमारती, आणि जिकडंतिकडं टँकर. आमच्या बसच्या पुढं टँकर, मागं टँकर. प्रत्येकाच्या नळीतून थेंब गळत होते आणि रस्त्यावर त्यांची ओली रेघ उठायच्या आधी वाळत होती. स्टँडवर नारायणराव स्कूटर घेऊन आले होते. नारायणराव म्हणजे सुमनताईंचे यजमान, माझे साडू. उंच, वाळके, उन्हानं रापून तांब्याच्या रंगाचे झालेले. चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून ते निवृत्त झाले होते, पण घराणं मूळ शेतकऱ्याचं. त्यांनी माझ्या हातातल्या अर्ध्या कॅनकडं पाहिलं, झाकण उघडून वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "चांगलं हाय. झाडाला चालंल."

पुंडलिकनगरातल्या त्यांच्या घरात शिरायला पिंपांमधून वाट काढावी लागली. निळी पिंपं जिन्याखाली, पिंपं न्हाणीत, एक तर दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी, वर विणलेला रुमाल घातलेलं. नळ आठवड्यातून कधीतरी येत होता. खिडकीत मोठा कूलर होता, पण त्याच्यावर घड्या घातलेले कपडे ठेवले होते.

"चालत नाही का?" मी घाम पुसत विचारलं.

"चालतो की," सुमनताई म्हणाल्या. "पण त्यो आमच्यापेक्षा जास्त पाणी पितो, म्हणून बंद ठेवलाय. आन् हे काय, एवढंच आणलंव? लातूरकरांना गाडीभर आन् सख्ख्या मेव्हणीला अर्धा कॅन?"

हसताना त्या लताला मिठी मारून उभ्या होत्या. घटकाभरात लताच्या तोंडी "काय करायलीस, कुठं जायलीस" सुरू झालं (करते आहेस, जाते आहेस), आणि मी घरातला एकटा परका माणूस उरलो.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसर (डाळी-धान्यं नि मसाला भाजून दळलेल्या पिठाची झणझणीत आमटी). ताटं कागदाची. घरात स्टीलची ताटं फडताळात रांगेनं लावलेली दिसत होती, पण ती घासायला पाणी कुठून आणायचं? मी येसर तीनदा मागून घेतली आणि कागदाची ताटली खालून फुटली. बाकी लेंग्यावर कसा नकाशा उमटला, ते लता आजही चारचौघांत सांगते.

जेवताना मला त्या घरातला खरा पेच कळला.

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला, डोंगराच्या उतारावर नारायणरावांची एकराच्या आसपास जमीन होती. वडिलोपार्जित रानातला तेवढाच तुकडा उरला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथं सीताफळं लावली. झाडं धरायला लागली आणि पाऊस गेला. विहीर आटली. तेव्हापासून घरातलं आंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं पाणी कॅनमध्ये भरून नारायणराव रोज स्कूटरवरून शेतावर नेत होते.

"फेब्रुवारीत छावणीच्या रस्त्यावर चक्कर येऊन पडले," सुमनताई म्हणाल्या. (छावणी म्हणजे तिथला लष्करी कँटोन्मेंटचा भाग.) "अनोळखी माणसांनी रिक्षात घालून आणलं. त्यांना म्हणलं, बास. आजूबाजूच्या सगळ्यांनी रानं विकली, प्लॉट पडले. आपण बी विकू. झाडं वाचवता वाचवता माणूस जायचा. ऐकंनात. मग मी खंडोबाला नेलं यांना, साताऱ्याला." (आपला सातारा नव्हे, हा सातारा तिथंच शहराला लागून आहे.) "बेलभंडारा उचलायला लावला."

बेलभंडारा म्हणजे बेलाचं पान आणि देवाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द. तो मोडायचा नसतो. शब्द असा होता: मिरगापर्यंत, म्हणजे मृग नक्षत्र लागेपर्यंत, झाडं जगली तर जमीन राहील आणि सुमनताई त्यावर पुन्हा अवाक्षर काढणार नाहीत. मेली, तर नारायणराव स्वतः प्लॉटवाल्याला फोन करतील.

"आता मिराग दिसायलाय," नारायणराव भाकरीचा शेवटचा घास मोडत म्हणाले. "जगतेत. हरणार ही."

"हरू दे मला," सुमनताई म्हणाल्या. "पण तुम्ही टोपी घालून जात जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत गेलो तर मधोमध एक मोठं घमेलं. त्यात उभं राहून आंघोळ करायची, म्हणजे पाणी त्यातच साठतं. मी साबण उचलला आणि दारावर थाप पडली.

"पाव्हणे! साबण लावू नका!"

"का?"

"झाडाला चालत नाय. बेसन ठेवलंय डब्यात."

मी घमेल्यात उभा राहून अंगाला बेसन लावलं. तेल तापायचं तेवढं बाकी होतं. बाहेर आलो तर नारायणराव माझ्या आंघोळीचं पाणी फडक्यातून गाळून कॅनमध्ये ओतत होते आणि तोंडानं "कमी हाय, कमी हाय" म्हणत होते. एवढ्या मोठ्या देहाच्या पाहुण्याकडून त्यांची अपेक्षा जास्त होती.

मग स्कूटर. दोन बाजूंना दोन कॅन, पुढं पायांत एक, आणि मागं मी, मांडीवर चौथा घेऊन. उस्मानपुऱ्यातून, छावणीतून आमची वरात निघाली. प्रत्येक गतिरोधकावर माझ्या मांडीवर थोडं पाणी सांडत होतं. उस्मानपुऱ्यात एका ओळखीच्या दुकानदारानं नारायणरावांना हाक मारली, "क्या काका, आज असिस्टंट लाए क्या?"

"साडू हाय. मिरजेचा."

"मिरजचा? मग पूरा टँकर आणायचा ना साहेब!"

पडेगाव मागं टाकल्यावर शहर संपेल असं मला वाटत होतं. ते संपलं नाही, विरळ झालं. माळावर चुन्याच्या रेघा ओढलेल्या, काठ्यांना लाल झेंड्या, मध्येच एक भव्य कमान आणि तिच्यावर कुठल्याशा नदीचं नाव. नदी काही दिसली नाही. कमानीच्या आत रस्ते आखलेले, विजेचे खांब उभे, घर एकही नाही. लांबवर देवगिरीचा किल्ला. पाणी पुरलं नाही म्हणून जिथून सुलतानालाही राजधानी माघारी न्यावी लागली असं सांगतात, त्या किल्ल्याच्या पायाशी प्लॉट पडत होते.

आम्ही रानात पोचलो. उतारावर ओळीनं लावलेली शंभरावर झाडं, आणि एकाच्याही अंगावर पान म्हणावं असं पान नव्हतं. करडी, वाकडी, उघडी. मला भरून आलं. मी नारायणरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "फार वाईट झालं. सगळीच गेली."

"गेली कुठं? निजलीत." त्यांनी एका फांदीची साल अंगठ्याच्या नखानं खरवडली. आत पोपटी ओल चकाकली. "सीताफळ उन्हाळ्यात पानं टाकतं. जित्तं का मेलं ते असं नखानं बघायचं."

मी माझा सांत्वनाचा हात काढून घेतला.

प्रत्येक झाडाच्या आळ्यात वीतभर जाडीचा वाळक्या गवताचा आणि भुशाचा थर होता. आच्छादन. उघड्या मातीत घातलेलं पाणी ऊनच पिऊन टाकतं, त्याच्यावर असं पांघरूण घातलं तर ते मुळांना मिळतं. त्या वर्षी त्या उतारावर ज्यांची ज्यांची झाडं होती, त्या सगळ्यांनी हेच केलं होतं. नारायणरावांनी तर कमाल केली होती. दोन ओळींच्या मधल्या जागेतही पांघरूण, म्हणजे जमिनीचा एक कण उन्हाला दिसू नये. पुढचे काही दिवस मीही त्यांच्याबरोबर गवताचे भारे पसरले. हाताला फोड आला तो मी लताला तीन वेळा दाखवला.

पाणी घालून झालं की बांधावरच्या एकुलत्या एका लिंबाखाली आम्ही बसायचो. नारायणराव बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायचे. ते तेव्हा शाळकरी होते आणि आईबरोबर खडी फोडायला जात होते.

"तेव्हाही असे डोंगर पेटायचे?" मी विचारलं. कारण समोरच्या डोंगरावर मधूनमधून काळे पट्टे दिसत होते, आणि संध्याकाळी लांब कुठंतरी धुराची रेघ दिसायचीच.

"बहात्तरला काय पेटतंय? काडी नव्हती माळावर. गुरांनी मुळ्या बी खाल्ल्या. आता गुरं हायतच कुठं? रानं विकली, दावणी गेल्या. प्लॉटवाल्यांनी तारा मारल्या, आत शेरडू जाऊ देत नायत. मागच्या साली उशिरा दोन सरी आल्या, त्यावर कुसळी गवत वाढलं कंबरेइतकं. खायला कुणी नाय, कापायला कुणी नाय. ते बघा." तारेपलीकडं सगळा उतार वाळल्या गवतानं सोनेरी झाला होता. वारा आला की तो फार सुंदर हलायचा. मी त्याचं चित्रही काढलं.

तारेपलीकडची ती जमीन ज्याची होती, तो प्लॉटवाला संतोष अधूनमधून भेटायचा. तिशीचा, नम्र, पांढरे बूट घालणारा. नारायणरावांशी तो आदबीनं बोले. "काका, ऊन लई हाय. जाऊ द्या की आता."

"मिरगापतुर," नारायणराव म्हणायचे.

"मिरगापतुर," तोही हसून म्हणायचा. त्यालाही शब्दाचं ठाऊक होतं. सगळ्या उताराला ठाऊक होतं.

वेरूळला आम्ही रोज उद्या जाणार होतो.

त्या दिवशी तर ठरलंच होतं. दुपारी शेतावर पाणी घालून यायचं आणि ऊन उतरलं की लताला, ताईंना घेऊन रिक्षानं वेरूळ. सकाळी वारा अजिबात नव्हता. वारा नाही म्हणून खालच्या अंगाच्या कुणीतरी धुरा पेटवला होता (धुरा म्हणजे बांध). पेरणीच्या आधी बांधावरचं गवत जाळून मोकळं करायची तिकडं रीतच आहे. आठवड्यापूर्वी नारायणरावांनी स्वतःचाही जाळला होता, कडेला उभं राहून, झोडपून विझवत. त्यात वावगं काही नाही. पण दुपारी आम्ही दुसरी खेप घेऊन आलो तेव्हा खालच्या रानात वावटळ उठली होती, धुळीचा तांबडा खांब, आणि त्याच्या बुडाशी काहीतरी नारिंगी फिरत होतं. मी त्या रंगाकडं मास्तराच्या नजरेनं क्षणभर पाहतच राहिलो.

नारायणरावांनी स्कूटर आडवी टाकली. "पाव्हणे, गोणपाट!"

कुसळी गवत कसं जळतं ते मी आधी पाहिलं नव्हतं. ते पेटत नाही, ते जणू आधीपासूनच पेटायचं ठरवून उभं असतं. तारेपलीकडचा तो सोनेरी उतार एका दमात गेला. आवाज पावसासारखा, मोठ्या पावसासारखा. आम्ही झाडांसाठी आणलेल्या पाण्यात पोती बुचकळली आणि बांधावरून आग झोडपायला लागलो. नारायणरावांनी लिंबाचा डहाळा तोडला होता. त्या माळावर ओलं असं तेवढंच होतं. संतोष धावत आला. त्याच्या हातात कुदळ होती आणि तो खालच्या माणसांना ओरडून टँकर वर आणायला सांगत होता. टँकर निघाला, पण आखलेला रस्ता तारेपाशी संपत होता.

"आली नाय, बांधावर थांबली!" नारायणराव ओरडले, आणि खरंच थांबली होती. जाळलेल्या धुऱ्यापाशी गवत नव्हतं. आग तिथं आली आणि खाली बसली. मी गोणपाट टाकून गुडघ्यांवर हात टेकून खोकत होतो. माझ्या नव्या बुटांचे तळ चिकट झाले होते. मी हसलोसुद्धा.

मग वावटळ वळली. एक जळतं गवताचं पेंडकं उचलून तिनं बांधाच्या आत टाकलं, झाडांच्या पहिल्या ओळीत, आम्ही पसरलेल्या पांघरुणावर.

पुढचं पटकन झालं. आग एका आळ्यातून दुसऱ्यात गेली. तिला वाट शोधावी लागली नाही. आम्ही तिच्यासाठी ओळीनं अंथरून ठेवलं होतं. जे वीतभर पांघरूण मुळांशी ओल धरून होतं, तेच प्रत्येक खोडाला वीतभर जाळ देत होतं. नारायणराव हातांनी गवत ओढायला लागले. एका झाडाचं ओढलं, दुसऱ्याचं ओढलं, तिसऱ्याला हात घातला तेव्हा संतोषनं त्यांना मागून कमरेला धरलं.

"सोड!"

"काका, नाय सोडत!"

"सोड म्हणतो ना!"

"काकू मला काय म्हणतील? नाय सोडत!"

त्यानं सोडलं नाही. तो आणि मी, दोघांनी मिळून त्यांना लिंबाखाली नेऊन बसवलं. तिथून आम्ही तिघंही बघत राहिलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आगीला फार वेळ लागला नाही. मग सगळा उतार काळा झाला आणि त्यावर काळ्या काड्या ओळीनं उभ्या होत्या.

घरी सुमनताईंनी दार उघडलं, नारायणरावांचे हात पाहिले आणि त्यांना आत घेतलं. पिंपातलं पिण्याचं गार पाणी त्यांनी परातीत ओतलं, भरपूर, न मोजता, आणि त्यांचे दोन्ही हात त्यात धरून बसल्या. दवाखान्यात नंतर नेलं. भाजलं फार नव्हतं. बोटं सुजली होती.

सकाळी मी न्हाणीत गेलो. साबणाकडं बघून विचार केला, आता काय, आता लावायला हरकत नाही. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. नारायणरावांचा नाही, सुमनताईंचा.

"भाऊजी, साबण लावू नका."

आम्ही चौघंही रिक्षानं शेतावर गेलो. पट्टी बांधलेल्या हातानं नारायणरावांना खरवडता येत नव्हतं, म्हणून सुमनताई नखानं साल काढत पुढं चालल्या आणि ते बघत मागं. आत तपकिरी. पुढचं. तपकिरी. लता दुसऱ्या ओळीनं गेली, मी तिसऱ्या. मी हिरवा रंग इतका कधी शोधला नव्हता.

ओळी संपल्या. नारायणराव म्हणाले, "हरलो."

"मिराग कुठं लागलाय अजून?" सुमनताई म्हणाल्या. "मुळं असतील जिती."

"मुळं दिसत नायत."

"म्हणून मेली म्हणायचं व्हय?"

"तू काय म्हणायलीस? तूच म्हणत होतीस ना, विका विका?"

"म्हणत होते. आता नाय म्हणत. बेलभंडारा मीच उचलायला लावला, देवाला मीच जाऊन सांगते, तुमचा शब्द मी सोडवला म्हणून."

"तसं सुटत नसतं ते, सुमन." ते हळू बोलले. भांडणाच्या सुरात नाही, समजूत घातल्यासारखे. "उचलला मी हाय."

संतोष तारेपाशी आला होता. आत आला नाही. बूट काळे झालेले. त्यानं नमस्कार केला आणि तसाच परत गेला. त्या दिवशी त्यानं विचारलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो.

आम्ही आणखी दोन-तीन दिवस राहिलो. नारायणरावांचे हात चालत नव्हते, म्हणून स्कूटर मी चालवली. मी, ज्याला लता मिरजेत मंडईपर्यंतसुद्धा चालवू देत नाही. मागं नारायणराव आणि भोवती कॅन. जळक्या बुंध्यांना आम्ही पाणी घालत होतो. काळ्या आळ्यात पाणी ओतलं की फस्स आवाज यायचा, राख तरंगायची. बाजूच्या रानातली माणसं थांबून बघायची. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं, इतकं ते शांत बघणं अवघड होतं. एकदा एक म्हातारी बांधापाशी आली, डोक्यावरची कळशी उतरवून तिनं ओंजळभर पाणी पहिल्या झाडाला घातलं आणि गेली. तिकडं त्या दिवसांत ओंजळभर पाणी म्हणजे काय ते मला एव्हाना कळलं होतं.

परतीच्या बसमध्ये लता खिडकीशी बसली. गोदावरीच्या पुलावर ती उठून दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी गेली, आणि पूल संपेपर्यंत तिथं उभी राहिली. वेरूळ राहिलं ते राहिलंच. पुढच्या वर्षी मुलांना कैलास लेणं पुन्हा न पाहताच शिकवायचं होतं. साताऱ्याच्या पुढं शेतांत ऊस दिसायला लागला, पाटाला पाणी दिसलं. एरवी मी म्हणालो असतो, आला बघ आपला मुलूख. तेव्हा ते तोंडातून निघालं नाही.

घरी आल्यावर मी तो प्रवास सगळ्यांना सांगितला. सांगणं हा माझा धंदाच आहे. बेसनाची आंघोळ, फुटलेली ताटली, कंडक्टरचं मूल. शेजारी, मेव्हणे, शाळेतले सहकारी, सगळे पोट धरून हसले. आगीपाशी आलो की मी घाईनं पुढं जायचो.

मृग लागला. आमच्याकडं शिडकावा झाला, तिकडं काहीच नाही. दोन दिवसांनी सुमनताईंचा लताला फोन आला. नारायणराव मृगाच्या सकाळी एकटेच शेतावर गेले, ओळीनं सगळी झाडं पाहून आले, हातपाय धुतले आणि खुर्चीत बसून संतोषला स्वतः फोन केला. "मी आडवी पडले गं दारात," सुमनताई म्हणाल्या. "म्हणलं, आठ दिवस थांबा, पाऊस येऊ द्या. तर म्हणले, पाऊस येईल तवा येईल, मिराग आलाय." कागद झाले. त्यांना आता उन्हात जावं लागणार नव्हतं. सुमनताईंना हवं होतं तेच झालं होतं, आणि त्या फोनवर रडत होत्या.

मला वाटतं, अशा दुष्काळात माणसं सगळ्याला मुदत घालतात. पाण्याला, कर्जाला, झाडाला, स्वतःच्या दमाला. मुदत घातली की तिथवर तग धरता येतो. नारायणराव त्या शब्दाच्या बळावरच रोज ते कॅन ओढत होते, आणि त्या शब्दानंच त्यांना शेवटी रान सोडायला लावलं. मुदत ठरवताना पावसाला विचारायची सोय नसते. आणि शहर त्या बाजूनं येतच होतं. त्याला घाई नव्हती, ते कुणाच्याही मिरगापर्यंत थांबायला तयार होतं.

जुलैत एका रविवारी माझा फोन वाजला. नारायणराव. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत.

"पाव्हणे, बरे हाव ना?"

"बरा आहे. तुमचे हात?"

"हात झाले बरे." मागं पागोळ्यांचा आवाज येत होता. "काल दौलताबादला चाललो होतो बसनं. पडेगावच्या पुढं उतरलो जरा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फुटलीत," ते म्हणाले. "बुडातून फुटलीत. वीत-वीत फुटवे आलेत. लई नाय, पण दोन ओळी बऱ्यापैकी."

"अरे वा!" मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी जीभ चावली.

"व्हय. एका आळ्यात तर प्लॉटचा दगड रोवलाय, त्याला खेटून आलंय. जोडपं आलतं एक, प्लॉट बघाया. त्या बाई विचारत होत्या, हे झुडूप कसलं, परत परत येईल का. म्हणलं, येईल."

फोनवर कुणी गप्प झालं की मी काहीतरी विनोद करतो. घरात सगळ्यांना ते माहीत आहे. त्या दिवशी शोधून एकही सापडला नाही. शेवटी, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "पाऊस कसा आहे तिकडं?"

"पाऊस लई चांगला हाय यंदा," नारायणराव म्हणाले.